कपाटासाठी काढलेला आकडा

महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये कुणी 'माझा पेपर आला' म्हणालं, की तो कशावर आहे हे हल्ली सहसा कुणी विचारत नाही. 'कशात आला? स्कोपसमध्ये आहे का? इम्पॅक्ट फॅक्टर किती?' या क्रमाने प्रश्न येतात. विचारणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल भरायची असते, फाइलीत तक्ता असतो, तक्त्यात रकाना असतो आणि रकान्यात आकडा लागतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतला तो तक्ता एकदा सावकाश वाचण्यासारखा आहे. शोधनिबंध प्रसिद्ध झाला की विज्ञान-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाला ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या प्राध्यापकाला १०. त्यावर वाढीव गुण मिळतात. जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर ५, तो १ पेक्षा कमी असेल तर १०, आणि असं चढत चढत तो १० च्या पुढे गेला की ३०. म्हणजे निबंध लिहिल्याचे ८ आणि तो जिथे छापून आला त्या जागेचे ३०. शिवाय हा फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरावा असं तिथे म्हटलं आहे. नियमावली निघाली २०१८च्या जुलैत. थॉमसन रॉयटर्सने तो सगळा व्यवसाय विकून तेव्हा पावणेदोन वर्षं होत आली होती. यादी क्लॅरिव्हेट या कंपनीकडे गेली होती. ज्या आकड्यावर बढती अडते तो काढतं कोण, हे आकडा मागणाऱ्यांच्याही लक्षात नसावं! हे पुस्तक का लिहावंसं वाटलं, ते एवढ्यावरून कळावं.

आधी हिशेब. एक त्रैमासिक घ्या. त्यात २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून ८० शोधनिबंध छापले गेले. २०२४ साली सूचीतल्या सगळ्या जर्नल्समध्ये मिळून या त्रैमासिकातल्या त्या दोन वर्षांच्या मजकुराला १२० वेळा संदर्भ दिला गेला. १२० भागिले ८०, उत्तर १.५. हा त्या त्रैमासिकाचा २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर, आणि तो जाहीर होतो २०२५च्या जूनच्या सुमाराला. यापेक्षा अवघड गणित सातवीच्या पुस्तकात असतं. खाचाखोचा आहेत त्या शब्दांत: 'सूचीतल्या', 'शोधनिबंध', 'मजकुराला' आणि 'दोन वर्षं'. यातला प्रत्येक शब्द कुणीतरी ठरवलेला आहे, आणि प्रत्येकाचा कुणाला तरी फायदा आणि कुणाला तरी तोटा होतो.

हे मोजण्याची कल्पना निघाली पैशाच्या अडचणीतून. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी १९२७ साली 'सायन्स'मध्ये एक छोटा लेख लिहिला. कॉलेजच्या ग्रंथालयाला रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत, हा त्यांचा प्रश्न. पैसे बेताचे, जर्नल्स महाग. मग प्राध्यापकांच्या आवडीनिवडीवर विसंबण्याऐवजी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६चा खंड घेतला, त्यातले तळटिपांमधले संदर्भ एकेक करून मोजले (ते ३,६३३ भरले) आणि कोणत्या नियतकालिकाचं नाव किती वेळा येतं याची यादी केली. वरची नावं आधी विकत घ्यायची. ग्रंथपालाच्या टेबलावरचा हा व्यवहारी तोडगा होता, आणि त्या कामासाठी तो आजही चांगला आहे.

या मोजणीला यंत्रणेचं रूप दिलं ते युजीन गारफील्ड यांनी, आणि त्यांना वाट दाखवली वकिलांनी. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड या गृहस्थाने १८७३ पासून न्यायनिवाड्यांची एक सूची काढायला सुरुवात केली होती. एखाद्या जुन्या निवाड्याचा आधार पुढच्या कोणत्या निवाड्यांनी घेतला, हे तो डिंक लावलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर छापून विकायचा. वकील त्या पट्ट्या आपल्या कायद्याच्या पुस्तकात समासात चिकटवायचे. पुढे त्याचीच जाडजूड पुस्तकं झाली. त्या कंपनीचे निवृत्त उपाध्यक्ष विल्यम अॅडेर यांनी १९५३ साली गारफील्डना पत्र लिहून कळवलं, की तुम्ही वैद्यकीय वाङ्मयाच्या सूचीसाठी जे शोधताय ते आमच्याकडे फार वर्षांपासून आहे. गारफील्ड तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका सूची-प्रकल्पावर होते. दोन वर्षांनी, १९५५च्या जुलैत, विज्ञानासाठीही अशी सूची करावी असा त्यांचा लेख 'सायन्स'मध्ये आला.

इथे एक गोष्ट निसटली, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शेपर्डच्या सूचीत संदर्भाच्या शेजारी खूण असे: पुढच्या न्यायालयाने हा निवाडा मान्य केला, वेगळा ठरवला, की ओव्हररूल केला. आपल्याकडचा तालुका कोर्टातला ज्युनिअरही हे जाणतो, की दाखला द्यायच्या आधी तो निवाडा अजून जिवंत आहे ना ते पाहावं लागतं. विज्ञानाच्या सूचीत ती खूण आली नाही, फक्त संख्या आली. आता एखाद्या निबंधावर 'यातली आकडेवारी खोटी आहे' असं लिहिणारे पन्नास जण निघाले तर त्याची पन्नास सायटेशन्स, म्हणजे त्याला मिळालेले संदर्भ, वाढतात. माझ्या मते इम्पॅक्ट फॅक्टरवरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ याच गाळलेल्या खुणेत आहे.

गारफील्ड यांनी १९६० साली फिलाडेल्फियात इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशन या नावाने कंपनी काढली. १९६१ सालच्या वाङ्मयाची त्यांची पहिली मोठी सूची १९६३ साली बाहेर पडली. तिच्यात ६१३ जर्नल्स आणि १४ लाख संदर्भ होते. सूचीत कोणती जर्नल्स घ्यायची, हा त्यांच्यापुढचा पेच. नुसती सायटेशन्स मोजली तर वर्षाला हजारो पानं छापणारी मोठी जर्नल्स कायम वर राहतात, आणि वर्षाला वीस-पंचवीस आढावा-लेख देणारं पण सगळ्यांच्या वाचनात असलेलं लहान जर्नल तळाला जातं. म्हणून त्यांनी आणि त्यांचे सहकारी अर्व्हिंग शेर यांनी सायटेशन्सना लेखांच्या संख्येने भागलं. इम्पॅक्ट फॅक्टर जन्मला तो असा, लहान जर्नलला न्याय मिळावा म्हणून. १९७५ पासून 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स' हा वार्षिक अहवाल सुरू झाला आणि ग्रंथपालांना वर्गणी कुणाची चालू ठेवायची, कुणाची बंद करायची हे ठरवायला एक साधन मिळालं. कपाटात जागा किती आणि पैसे किती, याचं ते गणित.

कपाटातून हा आकडा माणसापर्यंत कसा आला, याची नेमकी तारीख सांगता येत नाही. निवड समित्यांपुढे अर्जांचे ढीग वाढले, सदस्यांना अर्जदाराचा विषय कळेनासा झाला, आणि जर्नलच्या नावाशेजारी एक तयार आकडा पडलेला होता. तो उचलला गेला. आकडा सरासरीचा आहे, हे मात्र उचलताना विसरलं गेलं. वर्गाची सरासरी ८० आली म्हणून कोणताही शिक्षक प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकावर ८० लिहीत नाही. शोधनिबंधांच्या बाबतीत आपण बरोबर तेच करतो.

सरासरी किती फसवी असू शकते याचं मला सापडलेलं सर्वांत ठळक उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. जर्मनीत ग्योटिंगेनला जॉर्ज शेल्ड्रिक या शास्त्रज्ञाने 'शेलेक्स' नावाचे संगणक-प्रोग्रॅम लिहिले. क्ष-किरणांच्या साह्याने स्फटिकातली अणूंची रचना काढायला जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. २००८च्या जानेवारीत त्यांनी 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका, विभाग ए' या जर्नलमध्ये या प्रोग्रॅम्सचा थोडक्यात इतिहास लिहिला, आणि शेलेक्स वापरणाऱ्यांना संदर्भ म्हणून हा लेख देता येईल असं त्यात नमूद केलं. लोकांनी तो दिला. त्या एका लेखाला ६,६०० हून अधिक सायटेशन्स पडली. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली २.०५१ होता; २००९ साली तो ४९.९२६ झाला. 'नेचर' मागे पडलं, 'सायन्स' मागे पडलं. त्या वर्षी त्याच जर्नलमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेखाला २८ सायटेशन्स होती. दोन वर्षांची खिडकी सरकली, शेल्ड्रिकचा लेख हिशेबाबाहेर गेला, आणि २०११ साली फॅक्टर २.०७६ वर परत आला. संपादक तेच, लेखक त्याच वकुबाचे. पण त्या मधल्या दोन वर्षांत ज्यांचे निबंध तिथे आले, त्यांच्यातल्या कुणी आपल्याकडच्या तक्त्यात तो आकडा भरला असता तर त्याला पुरे ३० गुण मिळाले असते.

हा अपवाद आहे असं म्हणून सोडून देता येत नाही. 'नेचर'ने २००५ साली स्वतःच्याच आकड्याची चिरफाड करून दाखवली. त्यांच्या २००४च्या इम्पॅक्ट फॅक्टरमधली ८९ टक्के सायटेशन्स फक्त २५ टक्के निबंधांना पडलेली होती. जिथे जावं तिथे हीच तऱ्हा दिसते: मूठभर निबंध सरासरी ओढून वर नेतात, बाकीचे तिच्या खाली असतात. तीन दशांशांपर्यंत छापलेला आकडा मात्र मोठा काटेकोर वाटतो. २०२३ पासून क्लॅरिव्हेटने तो एका दशांशावर आणला, हे बरं केलं.

आता अंश आणि छेद. वरच्या हिशेबात अंशात 'मजकुराला' आणि छेदात 'शोधनिबंध' असे दोन वेगळे शब्द मी मुद्दाम वापरले होते. संपादकीय, पत्रं, बातम्यावजा टिपणं छेदात धरत नाहीत, पण त्यांना कुणी संदर्भ दिला तर तो अंशात पडतो. मग काय छेदात धरायचं यावर घासाघीस होते. 'प्लॉस मेडिसिन'च्या संपादकांनी २००६ साली हे उघडपणे लिहिलं: त्यांच्या जर्नलचा पहिला फॅक्टर, कोणते लेख छेदात धरले यावर, ३ च्या खाली किंवा थेट ११ पर्यंत जाऊ शकत होता. एकच जर्नल, तेच लेख, तेच वाचक.

लबाडीचे प्रकार पुस्तकात सविस्तर आले आहेत, इथे दोनच सांगतो. ब्राझीलमधली चार वैद्यकीय जर्नल्स एकमेकांना सायटेशन्स देत-घेत असल्याचं उघड झालं आणि २०१३ साली त्यांचे फॅक्टर रोखले गेले. दुसरा प्रकार लबाडीचा नाही, थट्टेचा आहे, आणि मला तो फार आवडतो. आवाज आणि वाचा या विषयावरच्या 'फोलिया फोनियाट्रिका एट लोगोपेडिका' या जर्नलने २००७ साली एक संपादकीय छापलं, ज्यात २००५ आणि २००६ मधल्या आपल्याच झाडून सगळ्या निबंधांना संदर्भ दिला. काही देशांत या आकड्याचं जे स्तोम माजलं आहे त्याचा निषेध म्हणून आम्ही हे करतोय, असंही सांगून टाकलं. फॅक्टर ०.६६ वरून १.४४ झाला. पुढची दोन वर्षं जर्नलला अहवालातून बाहेर काढण्यात आलं. चोरून करणारे कित्येक जण सुटत असताना सांगून करणारा पकडला गेला!

दोन वर्षांच्या खिडकीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्यासाठी एक उदाहरण आपल्या घरातलंच आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यात जन्मले, आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाईपर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. मराठी वाचकाला ते इतिहासकार म्हणून माहीत असतात. १९४४ साली त्यांनी 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये चार पानांचा एक निबंध लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे संकराच्या प्रयोगातल्या आकड्यांवरून कसं काढायचं, याचं सूत्र त्यात आहे. डीएनएवरच्या खुणा वापरून पिकांचे जनुकीय नकाशे काढायचं तंत्र येईपर्यंत चार दशकं गेली. ते आलं, नकाशे काढणाऱ्या प्रोग्रॅम्समध्ये 'कोसंबी' नावाचा पर्याय आला, आणि भात, गहू, मका यांवर काम करणारे जगभरचे लोक त्या चार पानांचा संदर्भ देऊ लागले. त्यातले बरेच जण तर नुसतं 'कोसंबी फंक्शन' म्हणतात आणि संदर्भ देतच नाहीत. नाव इतकं मुरलं की तळटिपेची गरज उरली नाही. इम्पॅक्ट फॅक्टरच्या हिशेबात हा निबंध १९४५ आणि १९४६ या दोन वर्षांपुरता जगला असता.

त्याच्या आदल्या वर्षी, १९४३ साली, कोसंबींचा दुसरा एक निबंध 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'मध्ये आला होता. यदृच्छेने बदलणाऱ्या राशी साध्या तुकड्यांच्या बेरजेत कशा मांडाव्यात याबद्दलचा. तीच गोष्ट पुढच्या तीन-चार वर्षांत फिनलंडच्या कार्हुनेन यांनी आणि फ्रान्सच्या लोएव यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ते प्रमेय दीर्घकाळ त्या दोघांच्याच नावावर चाललं. आता कोसंबींचं नाव आधी लावण्याची पद्धत पडते आहे. मोठ्या देशांतल्या ग्रंथपालांच्या यादीत भारतातलं ते जर्नल वरच्या क्रमांकावर नव्हतं. कुठे छापून येतं याला महत्त्व आहे, हे मी नाकारत नाही. निबंध वाचला जाण्यासाठी ते आहेच. निबंधाची किंमत त्यावरून करायची झाली तर मात्र १९४३चा तो निबंध कवडीमोल ठरतो.

खिडकी दोनच वर्षांची का, याचं उत्तर सोपं आहे: सुरुवातीच्या काळात गारफील्ड यांच्यापुढे जैवरसायन आणि रेण्वीय जीवशास्त्र होतं आणि तिथे सायटेशन्स भराभर पडतात. गणितात तसं नाही. 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये निबंध येणं हा गणितज्ञाच्या आयुष्यातला मोठा मान, आणि त्याचा फॅक्टर एक आकडी. उलट कर्करोगावरच्या 'सीए' या जर्नलचा फॅक्टर २०२० साली पाचशेच्या वर गेला होता, मुख्यतः त्यात दरवर्षी येणाऱ्या कर्करोगाच्या आकडेवारीमुळे. कर्करोगावर निबंध लिहिणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्या परिच्छेदात ती आकडेवारी देतो. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी बसवणं ही शुद्ध हडेलहप्पी आहे. विषयाविषयातला हा फरक पुसून काढणारी, किंवा सायटेशन कुणाकडून आलं याला वजन देणारी दुसरी मापं निघाली आहेत: स्निप, एसजेआर, आयगनफॅक्टर, शिवाय स्कोपस या दुसऱ्या सूचीचा साइटस्कोर. व्यक्तीसाठी होर्हे हिर्श यांनी २००५ साली एच-इंडेक्स सुचवला. प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. एकही माप इतरांची गरज संपवत नाही.

मराठीत लिहिणाऱ्या संशोधकाची स्थिती याहून विचित्र. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातल्या एखाद्या जुन्या लेखाचा आधार आजही नव्या पुस्तकात घेतला जातो, पण पुस्तकातली तळटीप या हिशेबात येत नाही, आणि मराठी नियतकालिकं या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये जवळपास नाहीतच. कला आणि मानव्यविद्यांच्या सूचीतल्या जर्नल्सना तर क्लॅरिव्हेट २०२३ पर्यंत इम्पॅक्ट फॅक्टर देतच नव्हती. तरी २०१८चा तक्ता भाषेच्या प्राध्यापकालाही लागू होता.

जिथे मागणी आहे आणि माल नाही तिथे काय होतं ते सांगायला नको. नावाआधी 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' अशी विशेषणं लावून मनाला येतील ते फॅक्टर वाटणाऱ्या संस्था निघाल्या, आणि पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून मुखपृष्ठावर तो आकडा ठळक अक्षरांत मिरवणारी जर्नल्स निघाली. या बाजाराचा हिशेब मांडण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल्स तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा निष्कर्ष २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. पुढे तिच्या जागी आयोगाची केअर नावाची यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चाललं.

आकडाच नको, असं म्हणणारे मित्र मला आहेत. २०१३च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने व्यक्तीचं मूल्यमापन जर्नलच्या आकड्यावरून करू नये असं म्हटलं, २०१५च्या लायडन जाहीरनाम्याने आकडे वापरायचेच तर कसे याची दहा सूत्रं दिली, आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाने २०२१ साली नेमणुका व बढत्यांतून इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाकायचं जाहीर केलं. माझी सहानुभूती तिकडेच आहे. तरी इथली महाविद्यालयं पाहता मला पूर्ण होकार देववत नाही. आपल्याकडे आकडा गेला की त्याच्या जागी निबंध वाचणारा तज्ज्ञ येतोच असं नाही, बरेचदा फोन येतो. आकड्याला निदान फोन करता येत नाही, आणि लहान गावातल्या, मागे कुणी नसलेल्या प्राध्यापकाला त्याचा आधार वाटतो तो उगाच नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत आयोगाने केअर यादीही बंद केली. जर्नल चांगलं की वाईट हे आता संस्थांनी आपापल्या पातळीवर ठरवायचं आहे. आयोगाने काही निकष सुचवले आहेत, बस. म्हणजे जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या तीन-चार जणांच्या समितीवर, ज्यांनी अंश आणि छेद कधी उघडून पाहिलेले नाहीत, हे काम येऊन पडलं आहे. पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि ग्रंथपालांसाठी, ज्यांचा हा आकडा मुळात होता. गणिताची भीती असणाऱ्यांनी तिसरं प्रकरण वगळायला हरकत नाही. पहिल्या प्रकरणात एका जर्नलचा फॅक्टर सुरुवातीपासून हाताने काढून दाखवला आहे. तो कागद-पेन्सिल घेऊन आपणही काढावा आणि मग तीच कृती आपल्या महाविद्यालयाच्या फाइलीतल्या एखाद्या जर्नलवर करून पाहावी.